दादांचा शब्द आणि लिंबाजीची बकेट

कुसळवाडीत एक भोळा जेसीबीवाला होता. लिंबाजी त्याचं नाव. हात इतका साफ की बकेटच्या दातांवर अंडं उचलून टोपलीत ठेवील. डोकं वाटायच्या वेळी मात्र देवाचा बहुधा डोळा लागला होता. लिंबाजी सांगितलं तेवढंच करायचा आणि सांगितलं तसंच करायचा.

एकदा त्याचा शेठ म्हणाला, "लिंबाजी, घरासमोरचं सगळं साफ कर."

लिंबाजीनं कचरा साफ केला. उकिरडा साफ केला. समोर शेजाऱ्याची भिंत होती, तीही साफ केली.

शेठनं कपाळावर हात मारून घेतला. "आजपासून कुणी सांगितल्याशिवाय बकेट हलवायची नाही!"

"बरं," लिंबाजी म्हणाला.

आता कुसळवाडीच्या वळणावर एक ढीग होता. सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं रस्त्याच्या कडेला मोठा खड्डा खणला, त्यातली माती रस्त्यावरच टाकली आणि चहा पिऊन येतो म्हणून गेला. तो अजून चहाच पीत होता. खड्ड्यात चिखल साठला, ढिगावर बाभळी उगवल्या. एसटी ढिगापर्यंत यायची आणि तोंड फिरवून जायची. तिथून वाडीपर्यंत अर्धा कोस पायपीट. दरवर्षी कुणीतरी पुढारी यायचा, ढिगासमोर नारळ फोडायचा आणि रस्त्याचं भूमिपूजन करून निघून जायचा. सहा वर्षांत सहा नारळ फुटले. ढीग होता तसाच राहिला.

लिंबाजीच्या बायकोचे, इंदूचे, दिवस भरत आले होते. आदल्या साली शेजारच्या गोदामावशीची सून त्या ढिगापाशीच बाळंत झाली होती. उघड्यावर, चार लुगड्यांचा आडोसा धरून. ते आठवलं की इंदू नवऱ्याच्या मागं लागायची.

"अवं, हातात एवढं मशिन हाय," ती म्हणायची. "त्यो ढीग उचला की एकदाचा."

"कुणी सांगितल्याबिगर बकेट हलवायची न्हाई."

"मी सांगतीया की!"

"तू शेठ न्हाईस."

"मग शेठ ज्याचं ऐकतोय त्याला इचारा. पर लवकर इचारा. माझ्याकडं लई दिवस न्हाईत."

त्या काळात शेठच काय, सगळा तालुका एकाच माणसाचं ऐकत होता. अभिराजदादा ढवळशंख. दीड महिन्यापूर्वी हे नाव दादांच्या घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. मग दादा निवडून आले आणि महाझणका वाहिनीनं त्यांना डोक्यावर घेतलं. दादा काय खातात, दादा कसे चालतात. दादांच्या गॉगलवर अर्ध्या तासाचा विशेष कार्यक्रम. दादांच्या कुत्र्याची मुलाखत झाली, त्यात कुत्रा फार मोजकं बोलला. दादांसारखी दाढी कोरून घ्यायला न्हाव्याकडे रांग लागली, आणि ज्यांना अजून दाढी फुटली नव्हती तीही पोरं रांगेत उभी राहिली. दादांनी अद्याप काहीच केलं नव्हतं. पण करतील तेव्हा कसे दिसतील, हे घराघरात पाठ झालं होतं.

दादांचे सत्कार रोजच होत. फुलं उधळायला जेसीबी लागते, म्हणून शेठची जेसीबी महिनाभरासाठी ठरली. जेसीबीबरोबर लिंबाजीही गेला. शेठ म्हणाला, "आता नचिकेतसाहेब सांगतील तसं करायचं."

नचिकेत म्हणजे दादांच्या बातम्या, फोटो आणि हारतुरे बघणारा माणूस. पायात पांढरे शुभ्र बूट, कानात फोनचं बोंडुक, आणि सदा घाईत.

पहिला सत्कार तालुक्याच्या चौकात होता. कार्यकर्त्यांनी झेंडूचे आठ क्रेट आणून बकेटमध्ये ठेवले. नचिकेत म्हणाला, "लिंबाजी, दादा आले की बकेटमधलं सगळं त्यांच्यावर ओतायचं."

दादा उघड्या गाडीतून आले. लिंबाजीनं सगळं ओतलं. क्रेटसकट.

एक क्रेट बॉनेटवर, एक ड्रायव्हरच्या मांडीवर, एक थेट दादांच्या डोक्यावर. महाझणकाची शलाका माइक घेऊन किंचाळली, "बघा! जनतेच्या प्रेमाचा भार दादांनी डोक्यावर घेतलाय!" संध्याकाळपर्यंत चार पोरं डोक्यावर क्रेट घालून फिरताना दिसली.

नचिकेतनं लिंबाजीला बाजूला घेतलं. "अरे शहाण्या, असं नसतं टाकायचं! आधी फुलं सुटी करायची. पाकळी न् पाकळी मोकळी करायची. मग उधळायची!"

"बरं. सायेब, आमच्या वळणावर एक ढीग हाय, त्यो..."

नचिकेत कानातल्या बोंडुकाशी बोलत निघून गेला होता.

दुसरा सत्कार बाजारतळावर. या वेळी वीस हात लांबीचा हार होता. बारा माळी तीन दिवस तो गुंफत बसले होते. नचिकेत घाईत म्हणाला, "लिंबाजी, दादा यायच्या आत हार तयार ठेव."

लिंबाजीला धडा पाठ होता. तो हारापाशी मांडी घालून बसला आणि पाकळी न् पाकळी मोकळी करू लागला. शेवंती सुटी केली, झेंडू सुटा केला, गुलाब सुटा केला. दादा आले तेव्हा त्यानं ढीगभर पाकळ्या उधळल्या आणि उरलेला वीस हात सुतळीचा दोर दादांच्या खांद्यावर सोडला.

शलाका गहिवरली. "दादांनी हार नाकारला! साधी सुतळी स्वीकारली! केवढा हा साधेपणा!"

रात्री वाहिनीवर सुतळीवर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी तालुक्यात सुतळी मिळेना.

नचिकेतचा मात्र संताप झाला होता. "अरे ठोंब्या, सुटंसुटं काय करतोस? असेल ते अख्खं उचलायचं! अलगद, वर! आणि सगळ्यांचे फोटो होईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. हलायचं नाही!"

"बरं. सायेब, त्यो ढीग..."

नचिकेत पुन्हा निघून गेला होता. घरी इंदूनं विचारलं, "इचारलं का?" लिंबाजी म्हणाला, "इचारलं. पर त्येंच्या कानात आधीच कुणीतरी बोलत असतंय." इंदू पाठीला हात लावून भिंतीशी टेकून बसली.

चार दिवसांनी दादा एका मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन करायला निघाले आणि त्यांच्या गाडीचं चाक गटारात रुतलं. दादा गाडीतच बसून राहिले, कारण बूट नवे होते. नचिकेतनं हाक मारली, "लिंबाजी, काढ गाडी!"

धक्का दिला असता तर निघाली असती. पण धडा ताजा होता. लिंबाजीनं गाडीला पट्टे बांधले आणि दादांसकट अख्खी गाडी अलगद वर उचलली. दहा फूट. आणि धरून ठेवली.

खाली ही गर्दी. हजार मोबाइल वर झाले. एकाचा फोटो होतो न होतो तोच दोन नवे यायचे. शेजारच्या गावांत बातमी गेली, तिकडून टेम्पो भरून माणसं आली. त्यांचेही फोटो व्हायचे होते. नचिकेत खालून बोंबलत होता, पण इंजिनाच्या आवाजात ते काही वर पोचेना. शलाका मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडत होती, "दादा उंचीवर! राजकारणात इतक्या कमी वेळात इतकी उंची कुणी गाठली नव्हती!" स्टुडिओत तीन जाणकार बसवले. एक म्हणाला, दादा योग्य वेळी खाली येतील. दुसरा म्हणाला, ही खेळी आहे. तिसरा काही म्हणण्याआधी जाहिराती लागल्या.

दादांनी काच खाली केली. त्यांची खिडकी लिंबाजीच्या केबिनच्या बरोब्बर समोर आली होती. महिनाभरात दादा असे एकटे कुणालाच सापडले नव्हते.

"खाली घे रे मला!"

"फोटो व्हायचेत, दादा," लिंबाजी नम्रपणे म्हणाला. "तवर एक इचारू? आमच्या कुसळवाडीच्या वळणावर ढीग हाय. माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत. दारापतुर गाडी येत न्हाई."

"करतो! सगळं करतो! येत्या रविवारी तुमच्याकडं भूमिपूजन लावतो! फक्त खाली घे!"

मोबाइलांच्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा, म्हणजे सव्वादोन तासांनी, दादा खाली आले.

या खेपेला नचिकेतनं लिंबाजीच्या खांद्याला धरून एकेक शब्द सावकाश सांगितला. "फोटोच्या नादी लागू नकोस. माझ्याकडंही बघू नकोस. दादांच्या तोंडाकडं बघ. दादा जे बोलतील ते त्या क्षणी झालं पाहिजे. दादांचा शब्द खाली पडता कामा नये. आणि दादा बोलल्याशिवाय काहीही करायचं नाही!"

"बरं," लिंबाजी म्हणाला, आणि धावत इंदूकडे गेला. "दादा रविवारी यायलेत! त्ये बोलतील आन् ढीग जाईल!"

"पुढारी बोलल्यानं ढीग जातोय व्हय?" इंदू म्हणाली. पण तिलाही बरं वाटलं.

रविवार उजाडला. नचिकेतला दादा आभाळाच्या पार्श्वभूमीवर हवे होते, आणि कुसळवाडीत उंच जागा एकच होती. त्यानं ढिगावरच्या बाभळी छाटल्या, वर लाल गालिचा अंथरला आणि ढिगाच्या डोक्यावर स्टेज उभारलं. एका अंगाला खड्डा होता, दुसऱ्या अंगाला मंडप घातला. बाजूनं जाणारी पायवाट होती, तीही बुजली. आता ढीग हटवण्याचा समारंभ असल्यामुळे वाडीत माणूससुद्धा जाऊ शकत नव्हता.

दादांनी सातवा नारळ फोडला, स्टेजवर चढले आणि माइक हातात घेतला. त्याच वेळी बांधाबांधानं पळत, धापा टाकत गोदामावशी आली.

"लिंबाजी! इंदीला कळा सुरू झाल्यात! तिला उठवंना बी. म्या दवाखान्याच्या गाडीला फोन केलाय!"

गाडी आली. ढिगापलीकडे थांबली आणि कळवळून भोंगा वाजवू लागली. नचिकेत धावत गेला. "भोंगा बंद करा! दादा लाइव्ह आहेत!"

लिंबाजी केबिनमध्ये चढला. हात दांड्यावर, घाम कपाळावर. "सायेब, ढीग उचलू का?"

"दादा बोलल्याशिवाय काही करायचं नाही, सांगितलंय ना!"

लिंबाजीनं दादांच्या तोंडाकडे डोळे लावले. आजवर कुणी कुणाचं भाषण इतकं जीव लावून ऐकलं नसेल. दादा बालपणाबद्दल बोलले. आईच्या भाकरीबद्दल बोलले. परदेशात शिकताना भाकरी कशी मिळत नव्हती, त्याबद्दल बोलले. वाघाबद्दल बोलले. सुतळीबद्दल बोलले. लिंबाजी पुटपुटत होता, "ढीग, दादा. ढिगाचं बोला." गोदामावशी खाली बसून रडायला लागली.

चाळिसाव्या मिनिटाला दादांनी पायाखाली बोट दाखवलं.

"आणि हा ढीग! सहा वर्षं या ढिगानं तुमची वाट अडवली! पण आता अभिराज ढवळशंख आलाय! मी शब्द देतो, या क्षणापासून काम सुरू! आत्ताच्या आत्ता हा ढीग इथून हलला, असं समजा!"

'असं समजा' लिंबाजीला ऐकूच आलं नाही. इंजिन सुरू झालं होतं.

बकेट ढिगात घुसली. पहिल्या घासाला स्वागताची कमान गेली. दुसऱ्याला दादांचा पंचवीस फुटी फ्लेक्स. स्टेज हादरलं तशी मागची मंडळी पटापट उड्या मारून पळाली. दादा पळाले नाहीत, कारण कॅमेरा चालू होता, आणि धरणी हादरतेय ती आपल्या भाषणानं, असं त्यांना वाटलं. "हा आवाज परिवर्तनाचा आहे!" ते गरजले. मग गालिचा सरकला, आणि दादा माइकसकट, बसल्या बसल्या, घसरगुंडीवरून यावं तसे खड्ड्याच्या चिखलात जाऊन पोचले. लिंबाजी वर बघत नव्हता की खाली. जिथली माती होती त्या खड्ड्यात, पण दादांच्या अंगावर खडाही पडणार नाही अशी पलीकडच्या टोकाला, तो माती लोटत होता. हात साफ होता, ते आधी सांगितलंच.

सहा वर्षांचा ढीग वीस मिनिटांत गेला. दवाखान्याच्या गाडीनं क्षणही दवडला नाही. गोदामावशी आत चढली, भोंगा पुन्हा वाजू लागला आणि गाडी वाडीकडे सुसाट गेली. धुरळा दिसेनासा होईपर्यंत लिंबाजी बघत राहिला.

तेवढ्यात नचिकेत आला. एका पायात पांढरा बूट, दुसरा पाय उघडा.

"सत्यानाश केलास! अरे, भूमिपूजनाला कुणी काम करतं का? पुढच्या वर्षी काय फोडायचं आम्ही इथं?"

"दादा बोलले, सायेब."

"दादा बोलले की काही करायचं नसतं, गाढवा! टाळ्या वाजवायच्या! फक्त टाळ्या! शिरलं डोक्यात?"

"शिरलं," लिंबाजी म्हणाला.

इतक्यात खड्ड्यातून आवाज आला. दादा कमरेपर्यंत चिखलात होते आणि काठावरच्या बाभळीची मुळी दोन्ही हातांनी धरून लोंबकळत होते.

"लिंबाजी! बकेट खाली सोड! मला वर काढ रे!"

दादा बोलले होते. लिंबाजीनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. केबिनमधून उतरला. खड्ड्याच्या काठावर नीट उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला.

"अरे, काढ मला!"

लिंबाजीनं आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. नचिकेतनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

हे असं बराच वेळ चाललं, तोवर वाडीकडून गाडी परत वळणावर आली. गोदामावशीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं. "पोरगी झाली रे! गाडीतच झाली! दोघी खुशाल हायेत!"

लिंबाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण टाळ्या काही त्यानं सोडल्या नाहीत. मग सगळ्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. बायांनी वाजवल्या, म्हाताऱ्यांनी वाजवल्या, एसटीच्या कंडक्टरनंही वाजवल्या. असा कडकडाट कुसळवाडीनं जन्मात ऐकला नव्हता. शलाकाही माइक सावरत खड्ड्याच्या काठाशी आली आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला.

दादांनी टाळ्या ऐकल्या. लाल दिवा पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, आणि त्यांनी बाभळीची मुळी सोडून दोन्ही हात उंचावून जनतेला अभिवादन केलं.