सहावी वाटी

इचलकरंजीत एका शेवयांच्या कंपनीने उपम्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस चार बर्नरची शेगडी! मेस चालवणाऱ्या कमलताई कोष्टींच्या शेगडीचे दोन बर्नर कधीच देवाघरी गेले होते, म्हणून त्या हट्टाने उतरल्या. नियम साधा होता: एकच पाकीट घ्यायचं आणि त्यामागे छापलेल्या कृतीने सहा वाट्या उपमा करायचा.

मालक अण्णासाहेब माईकवर गरजले, "महागाई किती वाढली, पण आमचं पाकीट तेच आणि किंमतही तीच!" आतल्या शेवया कमी झाल्यात, हे मात्र ते बोलले नाहीत.

बाकीच्या बायकांनी गाजर-मटार कोंबून सहा वाट्या कशाबशा भरल्या. कमलताईंनी पाच परीक्षकांपुढे पाच भरलेल्या वाट्या ठेवल्या आणि अण्णासाहेबांपुढे रिकामी. वर कोथिंबीर मात्र भुरभुरली.

"अहो बाई, माझा उपमा कुठाय?"

"साहेब, कृती तुमची, पाकीटही तुमचंच. सहावी वाटी तुमच्या कारखान्यातच राहिली की! येताना घेऊन यायचीत."

परीक्षक हसून हसून ठसकले. अण्णासाहेबांना चारचौघांत हसावंच लागलं, आणि शेगडीही द्यावी लागली.

घरी खोकं उघडल्यावर कमलताईंनी आधी बर्नर मोजले.