काजळीचे माप

एकदा एका राजाच्या मनात आले की, युवराजाला युद्धशास्त्र पोथीतून शिकवू नये, डोळ्यांसमोर मांडून दाखवावे. त्यासाठी शाडूच्या मातीचे बोटाएवढे सैनिक हवे होते, अर्धे आपले आणि अर्धे पलीकडच्या राज्याचे. नगरात एक वृद्ध चितारी होता. गव्हाच्या दाण्याएवढ्या चेहऱ्यावर राग वेगळा आणि हसू वेगळे दाखवावे, ते त्यानेच. राजाने काम त्याच्याकडे धाडले.

चिताऱ्याची एक शिष्या होती, सगुणा; ती त्याला बाबा म्हणे. तिचा थोरला भाऊ सिदोजी मागच्या स्वारीत पडला होता. घरी आले ते त्याचे पागोटे तेवढे. तेव्हापासून ती बोलायची कमी आणि काम करायची फार नेटके. रंग मापण्याचे काम तिच्याकडेच असे. मडक्यात खललेला रंग पिसाच्या पोकळ दांडीने थेंबाथेंबाने शिंपल्यात उतरवायचा. सफेदा किती, गेरू किती, डिंकाचे पाणी किती, हे लहानशा पळीने मोजायचे आणि प्रत्येक पळी काडीने सपाट करायची. चितारी म्हणत असे, "चित्र जितकं लहान, तितकी चूक मोठी. शिंपल्यात कणभर जास्त पडलं, तर चेहऱ्यावर ते मणभर दिसतं."

राजाचा कारभारी स्वतः हुकूम घेऊन आला.

"आपले सैनिक गोरे, तेजस्वी हवेत. अगदी युवराजांसारखे. सफेदा सढळ हाताने घाला. शत्रू मात्र काळे करा, नुसती काजळी फासा. आणि त्यांना डोळे काढू नका."

"डोळे का नकोत?" चिताऱ्याने विचारले.

"पावसाळा सरला की पुन्हा स्वारी आहे. या खेपेस युवराजही सोबत असतील. समोरच्याला डोळे असले की कोवळा हात अडखळतो."

हे ऐकून सगुणा मनोमन सुखावली. कित्येक दिवसांत तिला कोणी इतके मनासारखे काम सांगितले नव्हते.

कारभारी गेल्यावर तिने दोन शिंपले पुढ्यात घेतले. एकात गोरा वर्ण सिद्ध केला, रीतसर, सपाट पळीने. दुसऱ्यात काजळी घातली. ती पळी मात्र तिने सपाट केली नाही. शिगोशीग भरली, ओतली आणि पुन्हा भरली.

चितारी मागे उभा राहून हे पाहत होता. तो पुढे झाला, काजळीचा शिंपला त्याने उचलला आणि गोऱ्या रंगात उपडा केला.

"बाबा!" सगुणा किंचाळली. "हे काय केलंत? आता हे वेगळं कोण करणार?"

"कुणीच नाही," असे म्हणत चिताऱ्याने त्यात थोडा गेरू आणि चिमूटभर पिवडीची पिवळी माती घातली आणि कुंचल्याच्या दांडीने तो शांतपणे ढवळू लागला.

"माझा दादा मारला त्यांनी! त्यांना काळंच करणार मी. राजाचा हुकूम आहे म्हणून नव्हे, माझा हुकूम आहे म्हणून!"

"कर की. मी हात धरणार नाही." चिताऱ्याने एक कोरा सैनिक तिच्यापुढे ठेवला. "पण आधी एवढा सिदोजी रंगवून दे. हुबेहूब. रंग नव्याने कर, आणि मापून कर."

सगुणेने रागारागानेच पळी उचलली. सफेदा घातला, गेरू घातला. कुंचला टेकवून पाहिले तर तो कोणी परकाच दिसू लागला. सिदोजी उभा जन्म उन्हात राबलेला. आई त्याला लाडाने काळोबा म्हणायची. सगुणेचा हात आपोआप काजळीकडे गेला. एक पळी घातली. तरी पुरेना. आणखी एक घातली. मग पुन्हा गेरू, किंचित पिवडी. हळूहळू मातीच्या त्या इवल्याशा तोंडावर तिचा दादा उतरला. आणि तिने पाहिले, तिच्या शिंपल्यातला रंग आणि बाबांनी ढवळलेला रंग, दोन्ही एकच होते.

तिने दोन्ही शिंपले शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाली, "बाबा, राजाच्या मापाने रंगवलं तर दादा पलीकडे जाऊन उभा राहतो."

"हो पोरी," चितारी म्हणाला. "तुझा राग सोड, असं मी म्हणत नाही. ज्याने सिदोजीला मारलं त्याच्यावरचा राग तुझा आहे, त्याचं माप मी कोण काढणार? पण पलीकडे माणसंच नाहीत असं जो मुलगा आज शिकेल, तो उद्या शिकारीला निघावं तसा लढाईला निघेल. आणि तेव्हा पुढच्या रांगेत कुणाला उभं करेल? युवराजांसारख्या गोऱ्यांना नव्हे. उन्हात रापलेल्यांनाच. शत्रूला काजळी फासून कारभाऱ्यांना आपलेच सिदोजी स्वस्त करायचे आहेत."

सगुणेने डोळे पुसले. मग दोघांनी मिळून सारे सैनिक त्या एकाच रंगाने रंगवले. पागोटी वेगळी केली, निशाणे वेगळी केली. डोळे सगुणेने काढले, झाडून सगळ्यांना.

कारभारी आला आणि पाहतच राहिला. "यात आपले कोणते आणि शत्रू कोणते?"

"निशाणं वेगळी आहेत, पागोटी वेगळी आहेत," चितारी म्हणाला. "युद्ध शिकायला तेवढं पुरे."

"आणि चेहरे?"

"चेहरे माणसांचे आहेत."

कारभाऱ्याने दात आवळले आणि तो सगुणेकडे वळला. त्याचा आवाज एकाएकी मऊ झाला. "पोरी, तुझा भाऊ गेला ना? सूड घ्यायची वेळ आली आहे. म्हाताऱ्याचं ऐकू नको. ही चित्रशाळा तुझ्या नावे करतो. तू फक्त काळा रंग कालव."

सगुणा उठून उभी राहिली. "कारभारी, माझा भाऊ तुम्ही पाहिला होता?"

"इतक्यांतून एकेकाला कोण लक्षात ठेवणार?"

"मी ठेवलाय. म्हणून सांगते, माझ्या हातून त्या रंगाचा थेंब पडायचा नाही."

"हात कलम करीन!"

"करा. मग तुम्हीच मापा. ती बघा, पळी तिथे आहे."

कारभाऱ्याची नजर पळीकडे गेली, पण हात काही पुढे होईना. कालवायचे काय आणि कशात, हे त्याला आयुष्यात कधी ठाऊक करून घ्यावे लागले नव्हते. युवराजाचा पाठ तोंडावर आला होता आणि दुसरा चितारी राज्यात नव्हता. त्याने सैनिक आहेत तसे पेटीत भरायला लावले आणि जाता जाता फर्मावले, "सूर्य मावळायच्या आत नगर सोडा. मागच्या वेशीने जा. लोकांना तोंड दाखवू नका."

गुरू-शिष्येने शिंपले धुतले, कुंचले बांधले आणि गाठोडी पाठीवर घेतली. चौकात आल्यावर चितारी सवयीप्रमाणे हुकुमाकडे, म्हणजे मागच्या वेशीकडे वळला. सगुणा वळली नाही.

"सगुणे, वाट इकडे आहे."

"ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली आणि भर बाजारातून, ताठ मानेने, थोरल्या वेशीकडे चालू लागली. माणसे दुकानांतून उठून पाहू लागली. तिने कोणाचीही नजर चुकवली नाही.

वेशीवर पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "बाई, तुम्हाला इथून सोडायचा हुकूम नाही."

"मग अडव," सगुणा म्हणाली.

पहारेकरी उन्हाने रापलेला, चाळिशीचा माणूस होता. त्याने तिच्याकडे पाहिले, मागून धापा टाकत येणाऱ्या म्हाताऱ्याकडे पाहिले, आणि भाला बाजूला घेतला.

वेशीबाहेर आल्यावर चितारी थांबला, हसला आणि म्हणाला, "तुला आता माझ्याकडून शिकण्यासारखं फारसं उरलं नाही."

हुकूम कोणाचाही असो, पळी धरणारा हात आपला असतो. नाही म्हणायचे असेल, तर ते त्याच हाताने म्हणावे लागते.