व्हायोलेटची कळी

मातीसुद्धा कुजबुजायची, त्या काळातली गोष्ट. शरयूताईंनी घरच्या बागेत निळ्या व्हायोलेटचे पराग कुंचल्यानं पांढऱ्या व्हायोलेटच्या फुलाला लावले. बी धरलं, पेरलं, त्यातून एकच रोप जगलं. त्याला कळी आली आणि त्याच्या जिवाची घालमेल सुरू झाली, कारण मनाजोगतं न फुललेलं रोप ताई सरळ खताच्या बादलीत टाकायच्या.

"माझाच रंग घे," निळा बाप दटावायचा.

"पांढरंच फूल दे, नाहीतर ती बादली बघून ठेव," आई भिववायची.

रोपानं कळी घट्ट मिटून धरली. पण कळी का कुणाचं ऐकते? एका सकाळी उमललीच. फिकट गुलाबी, कडेला हिरवट!

"हे आमचं नव्हेच!" आईबाप एका सुरात ओरडले.

ताईंनी कुंडी उचलली. रोपानं पानं आक्रसून घेतली. ताईंनी चष्मा पुसला, फूल पुन्हा निरखलं.

"अगं बाई, हे तर नवंच काहीतरी!" त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्याच फुलाला कुंचला लावला.

आता आईबाप बेचैन झाले. "काय रे, तुझी पोरं कुठल्या रंगाची निघणार?"

"मला काय ठाऊक?" रोप म्हणालं. "आणि मी त्यांना विचारणारही नाही."