कुरणाचा कौल

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि ओढा ओलांडला की गावाचं कुरण लागायचं. पावसाळ्यात त्या कुरणात पाणी मुरायचं आणि तेच पुढं उन्हाळाभर गावच्या विहिरींना पुरायचं.

गाव वाढलं, घरं अपुरी पडू लागली. काहीजण म्हणाले, कुरणावर घरं बांधू. काहीजण म्हणाले, कुरणाला हात लावायचा नाही, तसा नियमच करू. पारावर आणि पाणवठ्यावर दुसरा विषय उरला नाही. शेवटी पाटलांनी दवंडी पिटवली, "येत्या बाजाराच्या दिवशी देवळापुढं सभा भरेल. ज्या घराला नियम हवा त्यानं मडक्यात गुंज टाकावी, नको असेल त्यानं चिंचोका. जे जास्त निघेल ते सगळ्यांनी मानायचं."

त्या गावात सगुणा नावाची गवळण होती. तिच्या म्हशी कुरणातच चरत. नियम व्हावा म्हणून ती दारोदार फिरली, पण कोष्टीआळीत तिचं कुणी ऐकून घेईना. "तुझ्या म्हशींना रान हवं, मग आमच्या पोरांना छप्पर नको का?" म्हातारा कोष्टी म्हणाला. त्याच्या एका खोलीत तीन मुलांचे संसार होते. मागाखालीसुद्धा अंथरुणं पडत. सगुणा तशीच परत आली.

सभेच्या आदल्या दिवशी तिची थोरली जाऊ हसतच गोठ्यात आली. "आता काळजी सोड. मी पाणवठ्यावर सांगून आलेय, देवी सगुणाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, कुरणात कुदळ पडली तर गावात रोगराई येईल."

"पण जाऊबाई, असं काही झालंच नाही."

"तुला कुठं काय बोलायचंय? कुणी विचारलं तर नुसती मान हलव. तेवढ्यानं कुरण वाचतंय."

कुरण वाचावं असं सगुणाला मनापासून वाटत होतं, आणि जावेचं बोलणं लागू पडलंय हेही तिला दिसत होतं. कालपर्यंत तावातावानं भांडणारी माणसं आज तिला वाटेत हात जोडत होती. मग तिला कोष्ट्याची धाकटी सून भेटली. कडेवर तान्हं लेकरू होतं.

"काकी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आमच्या घरचा चिंचोका पडला, तर याला काही होणार नाही ना?"

सगुणानं त्या दिवशी भाकरी तशीच झाकून ठेवली.

बाजाराच्या दिवशी देवळापुढं सारा गाव जमला. पाटलांनी मडकं मांडलं आणि म्हणाले, "कौल घेण्याआधी एक विचारतो. सगुणा, देवी तुझ्या स्वप्नात आली हे खरं का?"

जावेनं मागून पदर ओढला. मान हलवायची, एवढंच काम होतं.

"नाही, पाटीलबाबा," सगुणा म्हणाली. "देवी आली नाही, काही बोलली नाही. कुरण मला हवंय, कारण माझ्या म्हशी तिथं चरतात. कुरण खोदलं तर विहिरी आटतील असंही मला वाटतं. पण कोष्टीदादांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हेही माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घाबरून कुणी गुंज टाकू नका."

"बुडवलंस कुरण," जाऊ पुटपुटली.

तेवढ्यात म्हातारा कोष्टी काठी टेकत उठला. "आता मलाही बोलायला हवं. राजा मोकळी जमीन काढून घेणार, म्हणून आधीच घरं बांधा, अशी आवई आमच्या आळीनं उठवली होती. त्यात काडीचं तथ्य नाही. आम्हाला जागा हवी, तेवढंच खरं. विहिरी आटल्या तर आम्ही तरी काय पिणार?"

दोन्ही बाजूंची भीती अशी उतरली आणि माणसं पहिल्यांदाच एकमेकांना प्रश्न विचारू लागली. घरं किती हवीत? गवत कुठं उगवतच नाही? बोलता बोलता कुरणातल्या ओढ्याकाठच्या खडकाळ पट्टीचा विषय निघाला. तिथं ना चारा होता, ना पाणी मुरत होतं. घरं त्या पट्टीवर बांधायची आणि तिच्यापुढं एक वीटही न्यायची नाही, असा नियम पाटलांनी मांडला. मग एकेका घरानं मडक्यात हात घातला.

मडकं पालथं केलं तेव्हा ओट्यावर गुंजांचा लाल ढीग पडला. चिंचोके होते, पण थोडे. ज्यांनी ते टाकले, त्यांनीही कुरकुर न करता निकाल मानला.

जाऊ चार दिवस फुगून बसली, मग आपसूक बोलायला लागली. कोष्ट्याच्या मुलांनी खडकावर पाया घातला. सगुणाला मात्र त्या दिवशी सभेतून घरी येतानाच हलकं हलकं वाटत होतं. आता तिला कुणापुढं ते खोटं स्वप्न जपत बसायचं नव्हतं. उंबऱ्यावर बसून ती भाकरी जेवली आणि आणखी एक मागून घेतली.

तात्पर्य: भीती दाखवून कौल जिंकता येतो, पण गाव एकत्र नांदतं ते खऱ्या बोलण्यावर.