मंजुळेचा चाफा

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. पहाटे रानातलं धुकं खाली उतरायचं, अंगणाअंगणांतून गाईवासरांसारखं हिंडायचं आणि उन्हं वर आली की आलं तसं रानाकडे निघून जायचं. त्या गावात धाकू नावाचा एक माणूस आणि त्याची बायको सगुणा राहत होती.

गावात एक जुनी रीत होती. घरात मूल जन्मलं की बापानं रानात जायचं, एखादं कोवळं रोप निवडायचं आणि त्याला हळदीत भिजवलेला दोरा बांधायचा. ते त्या मुलाचं बाळझाड. झाड आणि मूल एकमेकांच्या सोबतीनं वाढतात, असं गाव मानायचं.

धाकूच्या घरी पाळणा फार उशिरा हलला. केस पिकायला लागले तेव्हा मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं मंजुळा. हळदीचा दोरा मुठीत धरून धाकू धुक्यातून रानात गेला. एका म्हाताऱ्या जांभळीपासून थोड्या अंतरावर त्याला सोनचाफ्याचं रोप दिसलं. वीतभर उंचीचं, नाजूक. त्यानं त्याला दोरा बांधला. वर मोठ्या झाडांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्यांतून उन्हाचा एखादा कवडसा खाली यायचा, रोपाच्या पानावर जरा टेकायचा आणि पुढे सरकायचा.

धाकू मनाशी म्हणाला, ‘माझ्या लेकीच्या झाडाला एवढंच ऊन? आणि बाकीचं सगळं या थोराड झाडांनी खायचं?’

दुसऱ्या दिवशी तो कोयता घेऊन गेला. आधी करवंदीच्या जाळ्या तोडल्या, मग वेली. वर्षभरानं कुऱ्हाड नेली आणि आसपासची झाडं पाडायला लागला. खाली पडलेला पाचोळासुद्धा त्यानं झाडून दूर टाकला. कीडकिडूक नको म्हणून.

सगुणा म्हणाली, “अहो, रानात बाकीची रोपंही सावलीतच वाढतात की.”

“बाकीची वाढू देत,” धाकू म्हणाला. “आपली एकुलती एक आहे.”

आणि खरोखरच चाफा सरसर वाढला. गावातल्या इतर मुलांची बाळझाडं अजून गुडघ्याएवढीच होती, तेव्हा मंजुळेचा चाफा धाकूच्या डोक्यावर गेला. मोकळ्या जागेत तो एकटाच उभा असायचा आणि त्याची पानं उन्हात लखलखायची. लोक बघायला येत. धाकूची छाती फुलून यायची.

घरी मंजुळेचंही तो असंच करी. मुली दाराशी येऊन हाक मारत, “धाकूकाका, मंजुळेला पाठवा ना. आम्ही ओढ्यावर चाललोय.”

“तिला दगड लागतील, बायांनो. तुम्ही जा.”

मग मुली निघून जात. मंजुळा खिडकीपाशी बसून त्यांचा आवाज ऐकत राही. आवाज ओढ्याच्या वळणाआड गेला, की ती बापानं आणलेल्या बोळक्यांमध्ये खोटाखोटा भात शिजवायची आणि स्वतःलाच वाढायची.

अशी काही वर्षं गेली. मग एक उन्हाळा आला तो फार कडक. रानात आत आत गेलं तर अजून गारवा होता, पायाखाली ओल होती. पण चाफ्याभोवतीची उघडी जमीन भाजून कडक झाली, तिला भेगा पडल्या. आडोसा नसल्यामुळे वारा थेट चाफ्याच्या अंगावर यायचा. घाईघाईनं वाढलेलं त्याचं खोड एका बाजूला कललं. मावळतीच्या उन्हानं साल तडकली. पानं करपून गळायला लागली. धाकू कावडीनं पाणी नेऊन घालायचा. भेगा ते पाणी गिळून टाकायच्या आणि घटकाभरात जमीन पुन्हा पांढरी पडायची.

त्याच दिवसांत मंजुळेचं खाणं तुटलं. ताप नाही, खोकला नाही. पोर नुसती पडून राहायची. विचारलं तर “काही नाही” म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

सगुणा म्हणाली, “तिला रोग नाही झालेला. तिच्याशी बोलायला कुणी नाही.”

पण धाकूच्या डोळ्यांपुढे वाळणारा चाफा होता. झाड गेलं तर पोरही जाईल, या भीतीनं त्याला घेरलं होतं. विचार करता करता त्याला ती म्हातारी जांभळी आठवली. तेवढीच काय ती तोडायची राहिली होती. ‘तीच सगळं पाणी ओढत असणार,’ त्याला वाटलं. त्यानं कुदळ आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

“आबा, कुठं निघालात?” मंजुळेनं अंथरुणातून विचारलं.

“तुझ्या चाफ्याकडे.”

“मी येऊ?”

त्यानं तिला रानात कधीच नेलं नव्हतं. पण कित्येक दिवसांत तिनं आज पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्यानं तिला पाठुंगळी घेतलं.

रानात पोचले तेव्हा सकाळचं धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. धाकूनं मंजुळेला जांभळीच्या बुंध्याशी बसवलं आणि आधी मुळंच तोडावीत म्हणून जांभळी आणि चाफ्याच्या मधली जमीन खणायला घेतली. वरचा कडक थर फुटला आणि त्याचा हात थांबला. खाली माती ओली होती, काळी, गार. जांभळीची मुळं त्या ओलीतून पार चाफ्यापर्यंत आली होती. चाफ्याची बारीक मुळं त्यांच्यात अशी गुंतली होती की कुणाचं कुठलं ते कळेना. आणि त्या सगळ्यांना वेढून सुतासारखे पांढरे तंतू मातीभर पसरले होते, जणू जमिनीखाली कुणी संथपणे विणत बसलं होतं.

धाकूनं कुदळ ठेवली आणि कुऱ्हाड हातात घेतली.

“आबा,” मंजुळेनं विचारलं, “हिलाही तोडलं, तर चाफा कुणापाशी राहणार?”

धाकूनं वर पाहिलं. चाफ्याच्या तीन बाजू वाळल्या होत्या. जांभळीकडे वळलेली फांदी तेवढी हिरवी होती. मग त्यानं लेकीकडे पाहिलं. ती जांभळीला टेकून बसली होती आणि तिचे कान ओढ्याकडून येणाऱ्या मुलींच्या आवाजाकडे लागले होते.

त्यानं खणलेली माती हातांनी हळूहळू परत लोटली. कुदळ-कुऱ्हाड खांद्यावर टाकली, मंजुळेला उचललं आणि थेट ओढ्यावर गेला. तिथं पाण्याकाठी त्यानं तिला खाली ठेवलं. ती लाजून त्याचं धोतर धरून उभी राहिली. मुलींपैकी एकीनं ओला हात पुढे केला. मंजुळेनं एकदा बापाकडे बघितलं आणि धोतर सोडलं.

धाकू तिथून एकटाच घरी आला. त्या दिवशी संध्याकाळी मंजुळा चिखलानं माखून परतली आणि तिनं दोनदा भात मागून घेतला. सगुणा वाढत राहिली.

पुढे धाकू आतल्या रानातून पाट्या भरभरून पाचोळा आणून चाफ्याच्या बुडाशी पसरू लागला. करवंदीची रोपं त्यानं परत लावली. मंजुळेबरोबर तिच्या मैत्रिणीही ओच्यातून पाचोळा आणायच्या. पाऊस आला तसे तोडलेल्या बुंध्यांनाही धुमारे फुटले. एवढी वर्षं ते मातीखाली कुणाच्या आधारानं जिवंत राहिले असतील, हे धाकूला आता कुणी सांगायला नको होतं. चाफ्याचा शेंडा मात्र वाळला तो वाळलाच. उंची गेली. जांभळीकडच्या हिरव्या फांदीजवळ एक नवा कोंब आला आणि तो सावलीत सावकाश वाढत राहिला.

वर्षं सरली. मंजुळा मोठी झाली, नांदायला गेली. धाकू म्हातारा झाला. एकदा धुक्याच्या सकाळी काठी टेकत तो रानात गेला. तिथं आता मोकळी जागा कुठंच उरली नव्हती. फांद्यांत फांद्या, पानांवर पानं. त्यांच्यातला कुठला चाफा लेकीचा, हे काही त्याला ओळखता येईना. त्यानं शोधलंही नाही. वरून कुठूनतरी सोनचाफ्याचा वास धुक्याबरोबर खाली येत होता. तो घेत धाकू बराच वेळ उभा राहिला.

घरी आल्यावर सगुणानं विचारलं, “दिसला का मंजुळेचा चाफा?”

“दिसला नाही,” धाकू म्हणाला. “वास आला.”

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला ऊन मिळावं म्हणून त्याची सोबत तोडू नये; एकटा जीव लवकर उंच होतो, पण तग धरतो तो चारचौघांत रुजलेलाच.