बुवांच्या पायाचे तीर्थ

सिंदफणा नदीच्या काठी माळसांगवी नावाचे गाव आहे. गावाबाहेर जुन्या चिंचेखाली एक कुडाची झोपडी, पुढे सारवलेला ओटा आणि ओट्याच्या कडेला पाण्याची दगडी डोण, एवढाच काय तो भिवानाथ महाराजांचा मठ. महाराज कुठून आले, कोणत्या पंथाचे, हे गावात कोणाला ठाऊक नव्हते आणि त्यांनी कधी सांगितलेही नाही.

महाराजांची रीत मात्र जगावेगळी. कोणी दर्शनाला आला की ते त्याला जवळ ओढून घेत आणि आईने पोराला तपासावे तसे तपासत. कानाची पाळी पुढे दुमडून मागे पाहत, नखे उलटीपालटी करून बघत, जीभ बाहेर काढायला लावत. मानेच्या वळीत मळ, बेंबीत कीट किंवा टाचेच्या भेगेत माती दिसली की मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा गडी, आधी डोणीपाशी रवानगी! आंघोळ करून आलेली माणसे खजील होत. महाराज हसून म्हणत, "अरे, तोंड माणूस लोकांसाठी धुतो. कानामागे धुतो ते देवासाठी. तिथे देवाशिवाय बघणारा आहे कोण?"

या डोणीपाशी लिंबाजी कुंभार बसलेला असे. जन्मभर चिखल तुडवून त्याच्या पायांच्या बोटांमधल्या बेचक्या सडल्या होत्या. चिखल्यांनी इतका बेजार झाला होता, की चालताना डोळ्यांत पाणी यायचे. महाराजांनी एकदा त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले, धुतले, आणि आपल्या छाटीच्या पदराने एकेक बेचकी कोरडी केली. "लिंबा, धुणे निम्मे आणि पुसणे निम्मे," एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून लिंबाजीने हीच सेवा मानली. येईल त्याच्या पायांवर पाणी घालायचे, बोटांच्या फटी कोरड्या पुसायच्या आणि महाराजांचे नाव घ्यायचे. दुसरा जप त्याला येत नव्हता.

गावच्या राममंदिरात त्र्यंबकबुवा होते. बुवा म्हणजे कीर्तनातला वाघ! खडा आवाज, गोरापान देह, दिवसातून तीन वेळा थंड पाण्याने स्नान, सोवळे इतके कडक की दुसऱ्याची सावली चालत नसे. त्यांच्या पाद्यपूजेला पंचक्रोशीतून माणसे येत. दुधाने, दह्याने, मधाने पाय धुवायचे, वर चंदनाचा लेप, आणि ताम्हनात जमलेले तीर्थ भक्तिभावाने प्यायचे. बुवांचा एक नेम मात्र भारी. पूजलेले पाय पुसायचे नाहीत! पाय पुसले म्हणजे भक्ताचे पुण्य पुसले, असे ते सांगत. ओल्या पायांनीच दिवसभर बैठक आणि थंडीपावसात त्यावरच लोकरी मोजे.

एकदा बुवा शिष्यांसह मठावरून चालले होते. नुकतीच कोणाच्या घरची पाद्यपूजा आटोपली होती. पायांवरून दूध निथळत होते. लिंबाजी तांब्या घेऊन लगबगीने पुढे झाला.

"बुवा, जरा पाय टेका हितं. बेचक्या पुसून देतो."

बुवा थबकले. शिष्यांकडे वळून म्हणाले, "ऐका! लोक ज्या पायांचे तीर्थ गडवे भरून घरी नेतात, ते पाय हा बोटपुश्या पुसणार! अरे, गाडगी थाप, गाडगी. पुण्यावर बोळा फिरवायला कोणी सांगितले तुला?"

शिष्य खो खो हसले. लिंबाजीची मान खाली गेली. "चुकलं, बुवा. पर वलं ऱ्हाऊ नये, यवढंच," तो पुटपुटला.

"आणि तुझे ते महाराज! कानातला मळ काढून का कोणी मोक्षाला गेला आहे?"

ओट्यावर महाराज बसले होते. त्यांनी सारे ऐकले. फक्त बुवांच्या पायांकडे त्यांनी एकवार पाहिले, आणि ती नजर काही केल्या बुवांच्या मनातून जाईना.

जाणार तरी कशी! कारण बुवांना ठाऊक होते. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या पायाची शेवटची दोन बोटे खाजत होती. बेचकीतले कातडे पांढरे पडून भिजल्या कागदासारखे सुटत होते. वाकून पाहावे, तर खोलीत एकटे असतानाही बुवांना लाज वाटे. तीन वेळा स्नान करणाऱ्या माणसाने आपल्याच पायाची घाण काढत बसायचे? मग आषाढ लागला. गावात यायची वाट चिखलाने बंद झाली तरी पूजेवाले येतच होते. बेचकी चिरली, वास येऊ लागला. बुवांनी चंदन दाट लावायला सांगितले, कापूर जास्त जाळायला सांगितला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसे बुवांनी पाय झाकला. पण मूठ काही सडत नाही, पाय सडतो!

व्यासपौर्णिमेच्या सकाळी बुवा उठले ते हुडहुडी भरूनच. जांघेत अवधाणाची लिंबाएवढी गाठ आली होती. धोतर वर करून पाहिले, तर पोटरीवरून एक तांबडी रेघ मांडीकडे चढत निघालेली. बुवांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांचे चुलते असेच गेले होते. काटा रुतल्याचे निमित्त, रेघ जांघेत पोचली आणि मागून वाताचा झटका. बुवांनी तेव्हा गीता वाचली होती त्यांच्या उशाशी.

"बुवा, मंडप भरला!" बाहेरून शिष्य ओरडला. "पार वेशीपर्यंत रांग आहे."

सांगावे का? पाय दाखवावा का? बुवांचा हात कडीपर्यंत गेला. मग वाटले, आजचा दिवस निभावून न्यावा. त्यांनी स्वतः उगाळलेल्या चंदनाचा जाड थर बोटांवर चढवला आणि भिंतीला धरून देवळाच्या मंडपात आले. चौरंगावर बसताना डोळ्यांपुढे अंधारी आली. जयजयकार झाला. अंगात ताप फणफणला होता, आणि लोक म्हणत होते, "काय तेज चढलंय बुवांच्या तोंडावर!"

रांगेत पहिली होती सगुणा. कडेवर तिचे तान्हे लेकरू. पुष्कळ नवससायास करून झालेला मुलगा, पण जन्मल्यापासून किडकिडीत. दूध टिकत नव्हते, मान धरत नव्हता. बुवांच्या पायाचे पहिले तीर्थ त्याला पाजायचे, एवढ्या आशेवर ती उपाशीपोटी, गुडघाभर चिखल तुडवीत आली होती.

"बुवा, तुमच्या पायाचं पाणी पोटात गेलं की माझं लेकरू धरंल," ती म्हणाली आणि लेकरू मांडीवर घेऊन तिने बुवांच्या पायांवर दूध घातले.

दूध बोटांच्या बेचकीत शिरले आणि बुवांच्या मस्तकापर्यंत कळ गेली. चंदनाचा थर विरघळला. बुवांनी खाली ताम्हनात पाहिले. पांढऱ्या दुधात एक तांबूस धागा पसरत होता. बाजूला कातड्याचा एक बारीक पापुद्रा तरंगत होता, आणि सगुणेला वाटले ते फूल असावे. तिने तुळशीचे पान त्यावर सोडले, ताम्हन कपाळाला लावले आणि पळी बुडवली.

भक्तजनहो, त्या घडीला बुवांच्या मनात काय चालले असेल! शेकडो डोळे त्यांच्यावर खिळलेले. बोलले तर चाळीस वर्षांची कीर्ती त्या ताम्हनात बुडते. नाही बोलले तर पळी लेकराच्या ओठांपाशी निघालीच आहे. एक मन म्हणत होते, दूध आहे, तुळस आहे, देवाचे नाव आहे, काय व्हायचे आहे? दुसरे मन त्या लेकराचा एवढासा जबडा पाहत होते. बुवांनी तोंड उघडले, पण आवाज फुटेना. पळी हनुवटीला टेकली. लेकराने जीभ बाहेर काढली. बुवांनी मनातल्या मनात रामाला हाक मारायला घेतली आणि नाव आले ते दुसरेच. भिवानाथा, आवाज दे रे!

"थांब! पोरी, पाजू नकोस!"

अशी आरोळी त्या मंडपात कधी घुमली नव्हती. सगुणेचा हात जागच्या जागी थिजला. बुवा चौरंगावरून पुढे झेपावले, पळी हिसकावून घेतली आणि ताम्हन दोन्ही हातांनी उपडे केले. दूध शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरले.

"हे तीर्थ नाही. पू आहे. माझा पाय सडला आहे. किती दिवस लपवत होतो मी! नका रे, कोणी पिऊ नका!"

एवढे बोलून बुवा तिथेच कलंडले. मंडपात कुजबुज सुरू झाली, पदर नाकाला लागले. ज्या शिष्यांनी त्या पायांवर रोज डोके ठेवले होते, ते चार पावले मागे सरले. कोणी म्हणे उचला, कोणी म्हणे वैद्याला बोलवा, पण हात कोणी लावीना.

गर्दीतून वाट काढत लिंबाजी आला. एका हातात ऊन पाण्याचा गडवा, खांद्यावर धुतलेले फडके. "महाराजांनी सकाळीच धाडलं मला," तो कोणाकडे न बघता म्हणाला. "म्हन्ले, देवळाच्या पायरीशी बस. बुवा हाक मारत्याल."

त्याने बुवांचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. चंदन धुतले, दूध धुतले, साचलेली घाण हलक्या हाताने धुतली. बुवांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. पण त्यांना कळत होते. आपण ज्याला हसलो तोच हा हात, हे कळत होते, आणि तापापेक्षा ती गोष्ट जास्त जाळत होती.

"लिंबाजी, सोड... विटाळ होईल तुला," ते कण्हत म्हणाले.

"मला कसला विटाळ, बुवा? निजा तुमी निवांत."

धुऊन झाल्यावर लिंबाजी एकेक बेचकी पुसू लागला. ओठांवर नाव चालू होते, भिवानाथ, भिवानाथ. आणि काय आश्चर्य! जवळ उभ्या असलेल्या सगुणेने आधी पाहिले. "अगं बाई, रेघ बघा!" मांडीवर चढलेली तांबडी रेघ खाली उतरत होती. फडके बोटांतून फिरत होते आणि रेघ गुडघ्यापाशी, पोटरीपाशी, घोट्यापाशी येत येत दिसेनाशी झाली. जांघेतले अवधाण विरघळले. बुवांच्या कपाळावर घाम फुटला आणि ते उठून बसले. रामनामाचा असा गजर झाला म्हणता, मंडप दणाणून गेला!

बुवांनी काठी मागितली नाही. लिंबाजीच्या खांद्याला धरून ते तडक मठाकडे निघाले. मागून अख्खे गाव आणि लेकराला छातीशी धरलेली सगुणा.

ओट्यावर महाराज भिंतीला टेकून बसले होते. चेहरा तापाने तांबडालाल, ओठ सुकलेले. डावा पाय लांब पसरलेला. तो सुजून टम्म झाला होता, आणि घोट्यापासून मांडीपर्यंत तीच तांबडी रेघ लखलखत होती. लिंबाजीने हंबरडा फोडला. बुवांच्या पायाखालची जमीनच सरकली.

"महाराज! माझे भोग तुम्ही का घेतलेत? मी तुमची टवाळी केली. भर रस्त्यात केली!"

महाराज धापा टाकत म्हणाले, "बुवा, लेकराच्या तोंडापाशी गेलेली पळी तुम्ही अडवलीत. त्या पळीत तुमची सारी अब्रू होती, ती तुम्ही जमिनीवर ओतलीत. एवढे मोठे दान पडल्यावर आम्ही काय हात बांधून बसायचे? तापाचे ओझे आम्ही उतरवून घेतले, दोन दिवसांत जाईल ते. पण बेचक्या तुमच्या तुम्हालाच पुसाव्या लागतील हो. ते काम देवसुद्धा दुसऱ्याचे करत नाही."

रडता रडता माणसे हसली. महाराजांनी सगुणेला खूण केली, लेकराला जवळ घेतले. कानामागे पाहिले, गळ्याच्या वळ्या बोटाने उकलल्या. वळ्यांत आंबलेले दूध साचून कातडे लाल झाले होते, काखाही तशाच. "पोरी, याला तीर्थ कशाला? दृष्ट लागेल म्हणून न्हाऊच घालत नाहीस ना? ऊन पाण्याने वळ्या धू, कोरड्या कर आणि पोटाशी धर." एवढे बोलून त्यांनी आपला तापलेला तळहात लेकराच्या टाळूवर ठेवला. लेकराने आईकडे तोंड वळवले आणि पदराशी झोंबू लागले. सगुणा तिथेच, सगळ्यांकडे पाठ करून पाजायला बसली. बराच वेळ तिचे खांदे हलत होते.

बुवा महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी पाय आखडून घेतला.

"इथे नंतर या. सगळे मागे सरले तेव्हा तुमचा पाय ज्याने मांडीवर घेतला, तो तिकडे बसला आहे."

लिंबाजी डोणीपाशी फडके पिळत बसला होता. बुवा त्याच्याकडे चालत गेले. सोवळ्याचा पीतांबर चिखलात लोळत होता, त्याची त्यांना शुद्ध नव्हती. साऱ्या गावादेखत त्यांनी कुंभाराच्या भेगाळलेल्या पायांवर मस्तक ठेवले.

"आसं नका करू, बुवा! पाप लागंल मला!" लिंबाजी गडबडून मागे सरकू लागला. पण बुवांनी त्याचे दोन्ही पाय घट्ट धरले होते, आणि महाराजांनी बोलावीपर्यंत त्यांनी डोके वर उचलले नाही.