दुसरी बॅटरी

एकदा एका बागेत एक यंत्र आले, आणि बागेची मालकीण एका दुपारीत वीस वर्षांनी तरुण झाली. मालकीण म्हणजे रेवतीबाई. जन्मभर शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या, स्वभावाने काटेकोर आणि बागेच्या बाबतीत हट्टी. मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण पकड गेली. कुंपणाची मोठी कात्री दाबता येईना, आणि कामिनीच्या झुडपांचे कुंपण बघता बघता माणसाच्या डोक्यावर गेले.

मुलगा निनाद दुसऱ्या शहरात. सुट्टीला आला तेव्हा त्याला बागेत साप दिसला आणि त्याने तिथल्या तिथे निर्णय देऊन टाकला. झाडे काढायची आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवायचे. त्यामागे आईची काळजी होती, म्हणून बाईंना धड भांडताही येईना. शेवटी एवढे ठरले, की दसऱ्याआधीच्या शनिवारी तो कंत्राटदाराला घेऊन येईल. तोवर बाईंनी स्वतःच्या हातांनी बाग आवरून दाखवली तर बाग राहील, नाहीतर ब्लॉक.

बुधवारी बाईंनी मागवलेले यंत्र आले. कुंपण कापायचे, बॅटरीवर चालणारे. हिरव्या दांड्याला पुढे दातेरी पाते, आणि मागे खटकन बसणारी विटेएवढी बॅटरी. वायर नाही, पायात अडकायला काही नाही. बाईंनी बटण दाबले, यंत्र गुणगुणले आणि जाड फांदी लोण्यासारखी कापली गेली. मनगटाला जोरच द्यावा लागला नाही. बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. वर्षभर ज्या हाताला त्या मनातल्या मनात बोल लावत होत्या, तो हात आता कुंपणावरून सरसर धावत होता. पाऊण तासाने बॅटरी संपली, तर खोक्यात दुसरी तयारच होती. ती लावली आणि पुढे निघाल्या. तीही संपली, तेव्हा समोरचे सगळे कुंपण पट्टीने आखल्यासारखे सरळ झाले होते.

संध्याकाळी बाईंनी धोंडूअण्णांना निरोप पाठवून बोलावून घेतले. अण्णा म्हणजे शहराच्या सार्वजनिक बागेत चाळीस वर्षे माळीकाम केलेले वृद्ध गृहस्थ. बाईंना खुरपे कसे धरायचे इथपासून सगळे त्यांनीच शिकवले होते. शाळेतल्या मुलांनी बाईंचा बाळगला नसेल इतका धाक बाई अण्णांचा बाळगत. जुन्या माणसाला यंत्र आवडणार नाही, अशी त्यांना धास्ती होती. पण अण्णांनी ते हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले, एक फांदी कापली, मग उगाचच दुसरी कापली आणि लहान मुलासारखे खूश झाले. त्यानंतर ते कुंपणापाशी वाकले, खाली पडलेल्या कचऱ्यातून काहीतरी उचलून रुमालात बांधले आणि चहा घेऊन निघून गेले.

गुरुवारी सकाळी बाई पदर खोचून तयार झाल्या. चार्जरमध्ये एक भरलेली बॅटरी होती. दुसरी कुठेच नव्हती. खोके धुंडाळले, फडताळ उपसले, शेवटी अण्णांना फोन केला. अण्णा शांतपणे म्हणाले, की बॅटरी त्यांच्याकडेच आहे, येताना पिशवीत टाकून आणली, उद्या संध्याकाळी परत देतील.

बाईंचा पारा चढला. शनिवार तोंडावर आला होता, मागचे सगळे कुंपण बाकी होते, आणि ज्या माणसाने धीर द्यायचा त्यानेच पाय ओढावेत? न विचारता? गुरू झाला म्हणून काय झाले? त्यांनी रागारागाने यंत्र उचलले आणि मागच्या कुंपणाला भिडल्या. राग आणि यंत्र दोन्ही जोरात चालले होते. पाऊण तासाने यंत्र मध्येच थांबले. बॅटरी हाताला चटका बसावा इतकी तापली होती. ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावता येत नव्हती, आणि भरायला पुढे तास-दीड तास लागणार होता.

करायला काहीच नव्हते, म्हणून बाई खुर्ची ओढून कुंपणासमोर बसल्या. आधी नुसत्या धुमसत होत्या. मग राग जसजसा ओसरला तसतसे कुंपण दिसू लागले. पाते जिथे थांबले होते तिथून वीतभर पुढे, कामिनीच्या आत, करंगळीएवढा जाड वेल वर चढला होता. ती जाई होती. लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षी त्यांनी ती लावली होती, आणि या रानात ती केव्हाच मेली असे त्या धरून चालल्या होत्या. बॅटरी आणखी एक मिनिट टिकली असती तर जाई मुळापासून तुटली असती, आणि बाईंना ते कळलेही नसते.

त्या दिवशी बाईंनी तीनदा काम केले आणि तीनदा बसल्या. शुक्रवारीही तसेच. प्रत्येक बैठकीत काही ना काही दिसायचे आणि पुढच्या वेळी पाते तिथे वळसा घ्यायचे. बुधवारच्या सलग कामाने मनगट सुजले होते, तेही आता ठणकेना.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा आले. बाईंनी त्यांना जाई दाखवली. अण्णांनी वेलावरून हात फिरवला, मग खिशातून रुमाल काढून उलगडला. त्यात कामिनीचे सुकलेले शेंडे होते, प्रत्येक शेंड्यावर कळ्यांचा झुबका.

“बुधवारी हे तुमच्या पायाखाली पडलं होतं,” अण्णा म्हणाले. “दोन-चार दिवसांत फुललं असतं. बाई, हात धड होता तेव्हा तुम्ही थोडं कापून दमायच्या, पायरीवर बसायच्या. बसून काय करायच्या?”

“काही नाही. नुसती बघत बसायचे.”

“तेच बाग करणं झालं. कापणं ही त्यातली हमाली. कुठं कळी धरलीय, कुठं वेल अडकलाय, ते दमलेल्या माणसाला दिसतं, कारण त्याला बसावं लागतं. मी तुम्हाला शिकवलं म्हणता, पण निम्मं तुमच्या थकव्यानं शिकवलंय. यंत्र लई गुणाचं आहे, माझ्या तरुणपणी असतं तर माझे खांदे वाचले असते. पण ते दमत नाही. दोन बॅटऱ्या असल्या की तुम्हालाही दमू देत नाही. म्हणून एक मी नेली. आता घ्या, आता तुमच्याकडं असली तरी भीती नाही.”

बाईंनी बॅटरी दोन्ही हातांनी घेतली. राग कुठे गेला ते त्यांचे त्यांनाच कळले नाही.

शनिवारी निनाद कंत्राटदाराला घेऊन आला, तेव्हा बाग सगळी आवरून झाली नव्हती. मागच्या कुंपणाचा एक कोपरा तसाच होता. कंत्राटदार फाटकापासून टेप लावू लागला. निनादचे लक्ष मात्र यंत्राकडे गेले. आई हे चालवते? त्याने ते उचलले आणि राहिलेल्या कोपऱ्याला हौसेने लावले. दहा मिनिटांत घामाघूम झाला, चेहरा फुलला, आणि तेवढ्यात सकाळपासून वापरलेली बॅटरी संपली.

“आई, दुसरी कुठंय? लवकर दे.”

“कपाटात आहे. तिथंच राहू दे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “तू बस.”

तो बसला. आधी पाय हलवत, मोबाइल चाळत. मग मोबाइल खिशात गेला. कुंपणाच्या न कापलेल्या शेंड्यांवर कामिनी पांढरी फुलली होती आणि तिचा वास त्याच्यापर्यंत येत होता. बाई शेजारी उभ्या होत्या. बराच वेळ गेला.

“आई,” तो हळूच म्हणाला, “ती जाई आहे ना? आपली? ती अजून आहे?”

मग तो उठला आणि फाटकापाशी जाऊन त्याने कंत्राटदाराला टेप गुंडाळायला सांगितले.

आपल्याही घरात हाताला बळ देणारे एखादे यंत्र आले असेल, तर त्याच्या शेजारी एक खुर्ची ठेवावी.